नानांनी लिहून दिलेली वायर

नानांकडे वायर मागायला गेलेलं गिऱ्हाईक आधी वैतागायचं. वायर दाखवायच्या आधीच हा माणूस विचारायचा, "हिच्यातनं जानार काय, ते सांगा." मोटारीला वेगळी, रेडिओला वेगळी, कर्ण्याला वेगळी. "जाड द्या हो, पैशाचं बघू नका," म्हणणाऱ्या एका बागायतदाराला त्यांनी माझ्यादेखत रिकाम्या हाताने परत पाठवलं होतं. पारनेरच्या पठारावरच्या आमच्या गावात रेडिओ दुरुस्तीचं टीचभर दुकान, आणि असला ताठा! मला तो फार आवडायचा. मी गावच्या शाळेत नवा मास्तर; शाळा सुटली की तिथंच पडीक असायचो.

पुण्याचा टीव्ही नुकताच सुरू झाला होता. आमच्या शाळेच्या अध्यक्षांनी संच आणला आणि एरियलचं काम नानांना दिलं. चित्र दिसलं तर शाळेत वायरमनची कायम नोकरी, असा शब्दही दिला. नानांच्या दोन मुली लग्नाच्या झाल्या होत्या. ते त्या नोकरीकडे डोळे लावून बसले. मी पुण्याला निघालो होतो, म्हणून वायर आणायचं माझ्याकडे आलं. नानांनी चिठ्ठी लिहून दिली, वर बजावलं, "मधी एक बारीक तार, तिच्याभवती तांब्याची जाळी. दुसरी न्हाई चालायची, मास्तर."

बुधवार पेठेतल्या दुकानदाराने तीच काढली. पेन्सिलीएवढी. एवढ्या उंच खांबाला, एवढ्या महागाच्या पेटीला ही सुतळी? अध्यक्ष मला वेड्यात काढतील. विहिरीवरच्या मोटारी बघून आलेली आमची अक्कल, जाड ती चांगली. मी शहाण्याने मोटारीची अंगठ्याएवढी केबल घेतली.

संध्याकाळी अध्यक्षांच्या अंगणात गाव जमलं. केबल बघून नानांचा चेहरा पडला. ही चालणार नाही, दुसरी आणू, असं ते सांगत होते, पण पाहुण्यांपुढे अध्यक्ष ऐकेनात. शेवटी जोडली. पडद्यावर नुसत्या मुंग्या. लोक हसायला लागले. अध्यक्षांनी विचारलं, ही वायर कुणी आणायला सांगितली?

नाना माझ्याकडे वळले. "मास्तर, चिठ्ठी दाखवा."

चिठ्ठी माझ्या खिशातच होती. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. मी म्हणालो, "हरवली. पण नानांनी हीच सांगितली होती."

नाना केबल सोडवायला लागले. चार दिवसांनी माझ्या दाराशी आले. "नोकरी ऱ्हाऊ द्या. पन मला वायर कळत न्हाई असं गाव म्हनतंय, तेवढं तरी पुसा." मी "बघतो" म्हणालो. बघतो म्हणे! जूनमध्ये मी कायम झालो. नाना दुकान मोडून पुणतांब्याला मेव्हण्याकडे कामाला गेले.

काही वर्षांनी ते तिथंच वारले. दहाव्याला मी गेलो. गोदावरीवरून घरी आल्यावर नानांची बायको, आमच्या वहिनी, माझ्यासमोर येऊन बसल्या. भावकी ऐकत होती.

"हे मरेपत्तूर म्हनत हुते, म्या बरोबर लिवलं हुतं. मला काय खरं वाटलं न्हाई. भांडले बी त्यावरनं. तुमी तिथं हुता. खरं काय, मास्तर?"

मी म्हणालो, "जाऊ द्या वहिनी, माणूस गेला आता."

"म्हंजे ह्यांचंच चुकलं हुतं," त्यांनी मान हलवली आणि माझ्यासाठी चहा टाकायला उठल्या.