रामलिंगचा शुक्रवारचा टाय

अर्धापूरचा रामलिंग शिकलेला इंजिनियर. आखातात गेला तो सुपरवायझर म्हणून. तिथं शेठनं पासपोर्ट कपाटात टाकला आणि हातात दिली फळांच्या शीतगृहातली ट्रॉली. बारा-बारा तास खोकी ओढायची. घरी सांगायची लाज, म्हणून हा गडी दर शुक्रवारी हमालाच्या शर्टावर टाय बांधायचा आणि शीतगृहाच्या पांढऱ्या भिंतीला पाठ लावून आईला व्हिडिओ कॉल करायचा. ऑफिस म्हणून ती भिंत बरी खपायची.

आई कस्तुराबाई तीस वर्षं अर्धापूरच्या बसस्थानकासमोर हातगाडीवर केळी विकते. तिला कशातही फसवता येईल, केळ्यांत नाही. एका शुक्रवारी फोन जरा कलला आणि बाजूची केळ्यांची उघडी खोकी तिला दिसली.

"थांब," ती म्हणाली. "ती केळी राखाडी पडलीत. कोण्या शहाण्यानं एवढ्या गारठ्यात ठेवली? थंडीत आपुन घडावर पोती टाकतो, इसरलास व्हय?"

रामलिंग चपापला. माल खराब होतो म्हणून शेठ तीन आठवडे हमालांच्या नावानं शंख करत होता. सफरचंदांचा गारवा केळ्यांना लावलाय, हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं; या इंजिनियरच्यासुद्धा नाही. मग त्याला उमगलं, आईनं खोकी पाहिली म्हणजे ट्रॉलीही पाहिली. त्यानं सगळं सांगून टाकलं. सांगताना रडला.

कस्तुराबाईनं हातातला केळ्यांचा घड खाली ठेवला.

"गाडी ओढायची लाज वाटती व्हय रे? माझ्या गाडीवरच तू इंजिनियर झालास. पासपोर्ट घे अन् घरी ये."

दुसऱ्या दिवशी रामलिंग टाय लावूनच शेठपुढं उभा राहिला. केळी वाचवतो म्हणाला, पण आधी पासपोर्ट, माझा आणि माझ्या खोलीत राहणाऱ्या तिघा हमालांचाही. शेठ लई खवळला. पण अडला हरी, गाढवाचे पाय धरी. दुपारपर्यंत चारही पासपोर्ट टेबलावर आले. रामलिंगनं शब्द पाळला, गारवा कमी केला. पुढचा माल पिवळाधमक निघाला, तोवर चौघं विमानात बसले होते.

अर्धापूरला एसटीतून उतरला तेव्हा टाय गळ्यातच होता. आईच्या पाया पडला आणि सगळं स्थानक बघत असताना त्यानं हातगाडीचा दांडा धरला. कस्तुराबाई पुढं चालत गर्दी हटवत होती, डोळे पुसत, हसत.

"सरका जरा. माझा इंजिनियर गाडी घेऊन येऊन राहिला."