अमावास्येची कस्टमर

हेअर ड्रेसिंगच्या कोर्समध्ये माझं सगळ्यात छान जमलं ते डमीशी. रबरी डोकं, लांब केस, आणि बोलायचं काही नाही. केसांचे चार भाग करायचे, क्लिपा लावायच्या, पाणी फवारायचं, कात्री चालवायची. लेखी पेपर इंग्रजीत होता, तो सोपा गेला. प्रॅक्टिकलला मात्र जिवंत माणूस आणायचं होतं, तेही ज्याचं त्यानं. पास झाले तर स्नेहलतागंजातल्या पार्लरमध्ये मला स्वतःची खुर्ची मिळणार होती. नाहीतर पुन्हा तिथेच टॉवेलच्या घड्या.

तारीख आली नेमकी अमावास्येची. आमच्याकडे त्या दिवशी केसांना कात्री लावत नाहीत. आईनं कॅलेंडर बघून सरळ नाही म्हटलं. मैत्रिणींना विचारायला मी फोन हातात घ्यायची आणि परत ठेवून द्यायची. शेवटी आईकडून ऐकून राजेंद्र नगरहून आत्याचाच फोन आला. आत्या रेल्वेतून रिटायर झालेली, वेणी कमरेपर्यंत.

"मी येते. अमावास्येचं माझं मी बघून घेईन," ती म्हणाली. "पण तिथे मी आत्या नाही हां, कस्टमर."

परीक्षेत मी वेणी सोडली, चार भाग केले, क्लिपा लावल्या. खालून दोन बोटं कापायचं मी घरीच ठरवून आले होते. कात्री उचलली, तशी आत्या आरशातून म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडे कस्टमरला काही विचारत नाहीत का?"

शेजारची मुलगी खुदकन हसली. परीक्षक बाईंनी कागदावरून मान वर केली. "बात तो करनी पड़ेगी, बेटा. उसके भी नंबर हैं."

माझे कान तापले. कस्टमरला विचारायचं म्हणून पाठ केलेलं इंग्रजी वाक्य आठवेना. "किती कापू?" एवढंच निघालं.

"मानेपर्यंत."

"आत्या, खरंच?"

"कोण आत्या?" मग जरा हळू आवाजात, "इतकी वर्षं सकाळी डबा, मग वेणी, मग ऑफिस. किती कापू, असं कोणी विचारलंच नाही गं."

मी क्लिपा काढल्या. पुन्हा वेणी घातली, मानेशी घट्ट रबर लावलं आणि कात्री घातली. वेणी एका दमात तुटत नाही, करकर वाजत राहते. कापलेली वेणी आत्याच्या मांडीवर ठेवली. मग मी विचारत गेले. कान झाकू? भांग इकडे की तिकडे? मागे सरळ ठेवू? ती उत्तरं देत गेली, आणि परीक्षक बाई कधी पुढच्या खुर्चीकडे गेल्या ते मला कळलंच नाही.

घरी आई आत्याभोवती एक चक्कर मारून आली. "मागून बरं दिसतंय," ती म्हणाली. "पण आजच?"

"आज कापले तर वाढणार नाहीत ना? मग झकास," आत्या म्हणाली.

मी पास झाले. खुर्ची मिळाली त्या पहिल्याच सकाळी आत्या पार्लरमध्ये आली, माझ्या खुर्चीत बसली आणि आरशात बघत गप्प राहिली. मी विचारेपर्यंत.