धाकट्या जावेचं गाणं

आमच्या गावात रोवणीचं, म्हणजे भातलावणीचं, गाणं मी सांगायची. गाणं सांगायचं म्हणजे पुढची ओळ उचलायची, आणि बाकीच्या बायकांनी ती मागून झेलायची. धानाच्या बांधीत पोटरीभर चिखल, वाकलेल्या पाठी, डाव्या हातात पऱ्ह्यांची, धानाच्या कोवळ्या रोपांची, पेंडी आणि रांगेच्या टोकाला मी. लग्न होऊन वैनगंगेकाठच्या त्या गावी आले तेव्हा मला भाकरी धड थापता येत नव्हती, पण शब्द येत होते. ज्यांच्या बांधीत आम्ही रोवायला जायचो त्या पाटलीणबाईंनी एकदा दुपारी आंबील फारच पातळ पाठवली. मी हातातली पेंडी संपायच्या आत त्या आंबिलीवर गाणं रचलं. आंबिलीत आभाळ दिसते, आभाळात बगळा दिसते, दाणा काही दिसत नाई, असं काहीतरी. दुसऱ्या दिवशी आंबील घट्ट आली. सासू शेजारणींना सांगत सुटली, "माह्या सुनेच्या जिभेवर सरस्वती बसली हाये."

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील तेव्हा धाकट्या दिराचं लग्न झालं आणि जाऊ आली. ती नदीपलीकडची, पार जंगलातल्या गावची. काळीसावळी, बारीक, बोलायला कमी. तिच्या बोलण्यात मधूनच गोंडी शब्द यायचे. बायका हसायच्या आणि ती गप्प व्हायची. मला ती आवडली. खरं सांगायचं तर गप्प राहायची म्हणूनच आवडली.

त्याच वर्षीच्या रोवणीतली गोष्ट. दुपार कलली होती, पाठी मोडल्या होत्या, माझं गाणं संपलं होतं. तेवढ्यात रांगेच्या मधूनच तिनं हळू आवाजात सुरू केलं.

"चिंचेच्या सावलीत, बाई, चिंचेच्या सावलीत..."

बस, एवढंच. सावलीत कोण बसलं, कशासाठी बसलं, काही नाही. पुन्हा तेच, थोडं वर चढवून, मग खाली आणून. बायकांनी ते झेललं आणि सोडेचनात. मी मान वर करून पाहिलं तेव्हा बांधी रोवून झाली होती.

घरी येताना मी शेजारणीला विचारलं, "त्या गाण्यात असं होतं तरी का वो?"

"का म्हणजे?"

"चिंच झाली, सावली झाली. मंग समोर का झालं?"

"समोर कायले पाह्यजे, बाई? गोड लागते."

दुसऱ्या दिवशी बांधीत उतरल्या उतरल्या बायका म्हणाल्या, "धाकटे, तूच सांग ना आज." तिनं माझ्याकडे पाहिलं. मी हसून "सांग की" म्हटलं. पोटात मात्र कोणीतरी हिरवी मिरची वाटत होतं.

ती मिरची पुढे रोजच वाटली गेली. सासू तांदूळ पाखडताना चिंचेची सावली गुणगुणायला लागली. सासूचं मी मनावर घेतलं नसतं. पण एका सकाळी आमचे हे बैल जुंपत होते आणि तोंडात तीच चाल. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझं एकही गाणं त्यांच्या तोंडी कधी आलं नव्हतं.

"माहं गाणं काऊन नाई म्हणत तुमी कधी?" मी विचारलं.

त्यांनी जुवाची दोरी आवळता आवळता विचार केला. माणूस साधा, खोटं बोलत नसे. म्हणाले, "तुह्यं गाणं आयकाचं असते. म्हनाचं नसते."

आपण बायकोची स्तुती केली, असं त्यांना वाटलं. त्या दिवशी जेवताना मी त्यांना दुसऱ्यांदा भात वाढला नाही.

श्रावणात सगळ्या नव्या सुनांचे भाऊ न्यायला आले. जावेचा आला नाही. नदी दुथडी भरली होती, पलीकडचे रस्ते बंद होते. ती धुण्याचं निमित्त करून घाटावर जायची आणि धुणं कधीच पिळून झालेलं असलं तरी परतायची नाही. एकदा सासूनं मला तिला बोलवायला पाठवलं. ती दगडावर बसून पलीकडे पाहत होती. काठाला डोंगा बांधलेला होता, नावाडी कधीचा घरी गेलेला. मी तिला हाक मारली, आम्ही दोघी परत आलो. पण वाटेतच माझ्या डोक्यात शब्द जुळायला लागले.

दोन दिवसांत गाणं तयार झालं. चांगलं आठ-नऊ कडव्यांचं. पलीकडच्या काठावर भाऊ, त्याच्या गाठोड्यात बहिणीसाठी लुगडं, 'नदी पाह्यली का' म्हणून त्याला टोमणा मारणारी भावजय, गाडीला जुंपून उभे राहिलेले बैल. एक शब्द फुकटचा नव्हता. फक्त माझ्या नेहमीच्या चालीवर ते बसेना. म्हणून मी जावेकडे गेले. शब्द असलेलं गाणं कसं असतं ते तिच्याच तोंडून गावाला ऐकवायचं, असा माझा बेत होता.

ती सुपात तांदूळ निवडत होती. मी सगळी कडवी म्हणून दाखवली. तिनं पुन्हा म्हणायला लावलं. ऐकता ऐकता तिचे डोळे भरून आले. पदरानं नाक पुसून म्हणाली, "बाई, लय झालं."

मला वाटलं, वाखाणते आहे.

"लय झालं म्हणजे, एवढं मावत नाई," ती म्हणाली आणि सूप बाजूला ठेवून गायला लागली.

"डोंगा हाये काठाले,
नावाडी नाई, बाई, नावाडी नाई..."

आणि थांबली.

"आन् भाऊ?" मी विचारलं. "लुगडं? भावजय?"

"ते आयकणारीले समजते."

"समजते कसं? सांगितल्याबिगर?"

तिनं पुन्हा एकदा तेवढंच म्हटलं, 'नाई' जरा लांबवून.

पुढच्या बांधीत तिनं ते सांगितलं आणि बायका पऱ्हे हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. प्रत्येकीचं माहेर कुठल्या ना कुठल्या पाण्यापलीकडे होतंच. एक म्हातारी बांधावर जाऊन बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मग म्हणाली, "का गाणं बांधलं वो पोरीनं!"

"म्या नाई, बाईनं बांधलं," जाऊ म्हणाली आणि माझ्याकडे बोट केलं.

म्हातारी हसली. "मोठीचं गाणं एवढुसं नसते."

ज्यानं ज्यानं विचारलं त्याला जावेनं खरं तेच सांगितलं. तिच्यावर धड रागावताही येईना. गाण्याचं नाव मात्र पडलं ते 'धाकटीचं गाणं'. लग्न होऊन गेलेल्या पोरी ते आपापल्या सासरी घेऊन गेल्या.

काही वर्षांनी आम्ही दोघी गाडीनं मार्कंड्याच्या जत्रेला गेलो होतो. नदीच्या वाळूत कुठल्याशा गावच्या बायका चुली मांडून बसल्या होत्या आणि टाळ्या वाजवत गात होत्या.

"घोडा हाये काठाले, नावाडी नाई..."

मी जागीच थांबले. जावेच्या चेहऱ्यावर इतका राग मी त्याआधी पाहिला नव्हता. माझ्या आधी तीच पुढे झाली. "चाल अशी नाई. धावत नाई म्हणत हे."

"आन् घोडा नाई, डोंगा!" मी मागून म्हणाले. "घोडा असल्यावर नावाडी कायले पाह्यजे?"

त्यातली एक ठसठशीत बाई चुलीत लाकूड सारत म्हणाली, "घोडा म्हटलं का टाळी बरोबर बसते. आन् तुमी कोण सांगणाऱ्या? हे माह्या सासूनं बांधलेलं गाणं हाये."

परतीच्या वाटेवर गाडीत आम्ही भांडलो. शब्द बदलला तर बदलला, चाल कशी बदलली, असं ती म्हणत होती. चाल गेली तरी चाललं असतं, पण डोंग्याचा घोडा झाला, असं मी म्हणत होते. कोणाचं जास्त बिघडलं ते काही ठरेना. एवढं मात्र झालं, की त्या दिवशी मला जावेचा हेवा वाटला नाही. आम्ही दोघी मिळून त्या न पाहिलेल्या सासूवर जळत होतो.

त्यानंतर जावेनं ते गाणं बांधीत सांगितलं नाही. "आता ते त्यायचं झालं," म्हणायची.

म्हणून पुढच्या रोवणीत मी सांगितलं. तिच्याच चालीवर, पण पूर्ण, सगळ्या कडव्यांसकट. बायकांनी शेवटपर्यंत नीट ऐकलं, भावजयीच्या टोमण्याला हसल्याही. पण झेललं कोणी नाही. जावेनं तेवढं झेललं, तिसऱ्या कडव्यापासून, एकटीनं. आणि तिच्या आवाजात माझीच ओळ माझ्यापेक्षा बरी लागत होती, हे मला तेव्हाही सहन झालं नाही.