नऊ वाजेपर्यंतचे ठोके

ती सकाळ अजून माझ्या डोक्यातून जात नाही. निवृत्तीला सहा महिने उरले होते. नाशिकमधल्या एका धावण्याच्या अकादमीत सतरा वर्षांची मुलगी सरावात कोसळली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत गेली. आकस्मिक मृत्यूची नोंद झाली, तपास मी स्वतःकडे घेतला.

प्रशिक्षकाने लॅपटॉप पुढे केला. प्रत्येक मुलीच्या मनगटावर ठोके मोजणारा पट्टा. रात्रभराच्या नोंदी बघून सकाळी कोणी पळायचं, हे एआय ठरवायचा. "साहेब, तिला हिरवा दिवा होता. माझी काय चूक?" गडी घाबरला होता, पण खोटं बोलत नव्हता.

दुपारी अकादमीत स्वयंपाक करणाऱ्या मावशींचा ठाण्यात फोन आला. "साहेब, पोर आठ दिवस धड जेवत नव्हती. जिना चढताना लय धापा टाकायची. तुमच्या मशीनला नाय दिसलं का?"

मी तिच्या नावाचा त्या दिवशीचा आलेख मागवला. मुलगी पावणेसातला गेली होती. आलेखात ठोके नऊ वाजेपर्यंत चालू होते. मग पंचनामा काढला. ‘मनगटावर काळा पट्टा, एक’ एवढंच लिहिलेलं. त्यावरचा क्रमांक कुणी पाहिला नव्हता, मीही नाही. आता पाहिला, तर तो पट्टा निघाला तिच्या खोलीतल्या मैत्रिणीचा.

मैत्रिणीला तिच्या स्वतःच्या आईसमोर विचारलं. ती रडत रडतच सांगू लागली.

"सर, पट्टा लाल झाला की निवड चाचणीतून नाव कट. तिला खेळाडू कोट्यातून पोलिसात जायचं होतं. म्हणून आम्ही झोपताना पट्टे बदलायचो. माझं नाव कट झालं, मला चाललं. त्या सकाळी परत बदलायचं राहून गेलं. ती गेल्याचं कळलं, तेव्हा नऊला मी तिचा पट्टा हातातून काढला."

शवविच्छेदनात हृदयाला सूज निघाली. यंत्राने आजार बरोबर ओळखला होता, फक्त दुसरीच्या नावावर. प्रशिक्षकाचा मला आजही राग येतो. पोर रोज समोर उभी असायची आणि हा पडद्याकडे बघायचा. पण कुठल्याच कलमात कुणी बसेना. आणि पट्टा न बघणाऱ्यांत मीही होतोच. समोरच्या माणसाकडे आधी बघावं, एवढं शिकायला मला अख्खी नोकरी लागली.

शेवटी मुलीचे वडील वणीहून जबाबावर सही करायला आले. टेबलावर तिच्या नावाचा पट्टा होता. त्यांनी तो उचलून दोन्ही हातांत धरला.

"साहेब, माझ्या पोरीचे शेवटचे ठोके यातच हायेत ना?"

लोकांचं खोटं पकडण्यात माझं आयुष्य गेलं. त्या दिवशी मी "हो" म्हणालो.