ईस्टरपर्यंत हॉर्न बंद

बेगम बाजारातून मसाले घेऊन ज्या रिक्षात बसले, तिच्या आरशाला लाकडी क्रूस लटकत होता. रिक्षावाला पन्नाशीचा, खाकी शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेला. त्या अरुंद गल्लीत सगळे कर्कश हॉर्न मारत होते आणि हा गप्प. एक स्कूटर आडवी घुसली. त्याचा डावा अंगठा हॉर्नच्या बटणाकडे गेला, थबकला आणि मुकाट्याने मागे आला.

"हॉर्न खराब है क्या?" मी विचारलं.

"नै मॅडम, बराबर है. हमारे उपवास के दिन चल रहे. ईस्टर तक हॉर्न छोड़ दिया."

मला हसूच आलं. लोक मटण सोडतात, मी म्हटलं.

"मटन तो घर में कभी-कभी पकता. हॉर्न दिन भर अंगूठे के नीचे रहता. छोड़े बाद समझा, रस्ते के वास्ते कम बजाता था, गुस्से के वास्ते ज्यादा."

पुढे पोत्यांनी लादलेली हातगाडी होती. ती ओढणारा म्हातारा हमाल सारखा मागे वळून बघत होता. रिक्षा अगदी पाठीशी येऊनही हॉर्न कसा वाजत नाही, हे त्याला कळेना. शेवटी त्याने गाडी टेकवली, गमछ्याने घाम पुसला आणि निवांत दम घेत उभा राहिला. मला घरी जायची घाई होती. "बजाओ ना," अगदी ओठांवर आलं होतं.

रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं आणि डावा हात मांडीखाली दाबून बसला.