डब्यातल्या गोळ्या, तळ्यातले रोहू

आमच्या घरात औषध संपवायची पद्धतच नव्हती. दोन गोळ्यांत ताप उतरला की उरलेल्या गोळ्या आई एका स्टीलच्या डब्यात टाकायची आणि पुढच्या आजाऱ्याला त्यातूनच वाढायची. माझा घसा ताईच्या कानाच्या गोळ्यांनी बरा झालेला आहे. निदान आई तरी तसं सांगते.

निवृत्त झाल्यावर बाबांनी सावली गावाजवळ मित्राच्या छोट्याशा तळ्यात भागीदारी केली आणि रोहू सोडले. जन्म कचेरीत गेलेल्या माणसाची हौस एवढीच, की आपल्या तळ्यातला मासा आईने रांधावा आणि 'छान आहे' म्हणावं. सुभानपुऱ्यातल्या आमच्या घरी शाकाहारी शेजाऱ्यांना वास जाऊ नये म्हणून खिडक्या लावून तळावा लागला, तरी बाबांची हरकत नव्हती.

पण माशांच्या अंगावर लाल चट्टे उठले. बाबांनी कुणाला विचारलं नाही, थेट डबाच उचलला. साऱ्या गोळ्या खलबत्त्यात कुटून पेंडीत मळल्या आणि तळ्यात टाकल्या.

चट्टे वाढल्यावर माशांच्या डॉक्टरीणबाईंना बोलवावं लागलं.

"काका, दवा कई आपी?" कुठलं औषध दिलंत, असं त्यांनी गुजरातीत विचारलं.

"घरनी ज," घरचीच, असं बाबा ऐटीत म्हणाले. मग थोडी घशाची, थोडी कानाची, थोडी बायकोच्या दाढेची, असं सगळं सांगून टाकलं.

बाईंनी कपाळाला हात लावला. दोष दाटीचा आणि घाण पाण्याचा होता. अशा अर्ध्यामुर्ध्या औषधाने जंतू मरत नाहीत, उलट शेफारतात, असं त्यांनी सुनावलं. पाणी बदला, मासे विरळ करा, आणि मी सांगेपर्यंत एकही मासा कुणाच्या पोटात जाता कामा नये!

मासे सुधारले. बाईंनी परवानगी दिली तशी बाबा रोहू घेऊन घरी आले.

"औषध खाल्लेला मासा माझ्या स्वयंपाकघरात नको," आई म्हणाली. हे कोण म्हणत होतं, पाहा! मला हसू फुटणार होतं, पण बाबांचा चेहरा एवढासा झाला आणि मला फार वाईट वाटलं.

"औषध तुझ्याच डब्यातलं होतं," ते पुटपुटले.

 रिकामा झालेला तो डबा घासून आईने त्यात हळद भरली होती. त्यातलीच माशाला चोळली, खिडक्या लावल्या आणि तुकड्या तळल्या. पहिली बाबांच्या ताटात पडली.

"आधी तुम्ही खा. काही झालं तर घरात आता एकसुद्धा गोळी नाही."

बाबांनी खाल्ली. त्यांना काही होत नाही असं पाहून तिने स्वतः वाढून घेतलं.

"मीठ कमी पडलं," ती म्हणाली. "मासा मात्र छान आहे."

बाबांनी ऐकू न आल्यासारखं करून तिला ते पुन्हा म्हणायला लावलं.