पायाळू आईची लेक

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर काढले. त्या एका आगाऊपणावर लालबागच्या आमच्या चाळीत मला केवढा भाव! कुणाची मान अवघडली, कंबरेत उसण भरली, की माणूस थेट आमच्या दारात. दुखऱ्या जागी मी उजवा पाय तीनदा टेकवायचा, आणि त्याने ‘हलकं वाटतंय हां’ म्हणत जायचं.

त्या सकाळी माझी सात वर्षांची लेक उठली ती मान वाकडी करूनच. डोकं डाव्या खांद्याकडे, हनुवटी उजवीकडे. सरळ करायला गेले तर किंचाळली. चार दिवस तिचा घसा दुखत होता, पण घसा कुठल्या पोराचा दुखत नाही? झोपेत मान अवघडली असेल, म्हटलं.

“काय बघतस गो? पाय लाव,” सासूबाई म्हणाल्या. शेजारच्या दोघी दारात उभ्या होत्याच. लेकीला पालथं निजवलं, मानेवर हलकेच पाय टेकवला. तीनदा.

“कसं वाटतंय?”

“बरं वाटतंय.”

मी दारातल्या दोघींकडे अशा काही ऐटीत बघितलं, की विचारू नका. मग मानेला शेक दिला आणि ऑफिसला गेले.

दुपारी सासूबाईंचा फोन आला. ताप चढलाय, पेजसुद्धा गिळत नाही. धावतपळत घरी आले. लेक भिंतीला टेकून ताठ बसली होती. तोंडातून लाळ गळत होती, ती गिळता येत नव्हती तिला. बोलली तर आवाज तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा.

“चिंचपोकळीला एक जण मान बसवून देतो,” शेजारीण म्हणाली. “एक झटका, की मोकळी.” तिकडे न्यायला सासूबाईंनी लेकीचे सँडल बाहेर काढलेदेखील.

“हात लावायचा नाही कुणी तिच्या मानेला!” मी ओरडले. शहाणपण कसलं, ती लाळ बघून घाबरले होते. तिला उचललं आणि परळच्या हॉस्पिटलसाठी टॅक्सीत घातलं. अख्ख्या रस्त्यात मी तिचा श्वास ऐकत होते. प्रत्येक सिग्नलला ड्रायव्हरच्या नावाने बोटं मोडत होते, बिचाऱ्याचा काही दोष नसताना.

डॉक्टरबाईंनी तिला तपासलं. “मान ओढली, पिरगळली नाही ना कुणी?”

“नाही. शेक दिला.” पायाचं सांगायला जीभ रेटेना.

“दुखणं मानेचं नाहीच. घशाच्या मागे पू झालाय असं वाटतं, म्हणून ती मान तशी धरतेय. झोपेत अवघडलेली मान शेकाने दोन-तीन दिवसांत सुटते. पण सोबत ताप असेल, गिळता येत नसेल, तर तासभरही थांबायचं नाही. श्वास अडू शकतो.”

स्कॅनमध्ये तेच निघालं. पू काढायला तिला आत नेलं. मागोमाग आलेल्या सासूबाई बाहेरच्या बाकावर देवाला गाऱ्हाणं घालत होत्या. मला साधं रडूही येईना. स्वतःचीच इतकी चीड आली होती.

तिसऱ्या दिवशी मान बरीचशी सरळ झाली. वाटीभर पेज तिने संपवली. मग मला राहवलं नाही.

“दुखत होतं, तर त्या सकाळी बरं वाटतंय का म्हणालीस गं?”

“सगळे बघत होते ना,” ती म्हणाली. “तू खोटी पडली असतीस.”